तारीख उद्याची, मग दूध आजच का नासतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात दोघंच राहता, दोघंही नोकरीला. रोज फुल क्रीमच्या अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या येतात. दूधवाला मुलगा पहाटे साडेपाचला त्या दाराच्या कडीला अडकवून जातो, तुम्ही साडेसातला आत घेता. उन्हाळा लागल्यापासून आठवड्यातून एक-दोनदा तापवताना दूध नासतं, आणि पिशवीवर मुदत मात्र दुसऱ्या दिवसाची असते. आता कंपनी बदलावी, गवळ्याचा रतीब लावावा की सरळ टेट्रापॅक आणावा. आणि टोन्ड जास्त टिकतं की फुल क्रीम, असं तुम्ही विचारलंय.

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. दूध किती टिकेल हे थंडाव्यावर आणि स्वच्छतेवर ठरतं. दूध कुठलं घ्यावं हे तुमच्या घरात त्याचं काय होतं यावर ठरतं: नुसता चहा, की दही, की सायीचं तूप, की लहान मुलाचा पेला. फॅट जास्त म्हणून दूध जास्त टिकत नाही आणि कमी म्हणून लवकर नासत नाही. एकाच डेअरीच्या टोन्ड आणि फुल क्रीम पिशवीवर बहुधा एकच मुदत दिसेल, कारण दोन्ही दुधं एकाच पद्धतीने तापवून थंड केलेली असतात. तेव्हा आधी टिकण्याचं बघू, निवडीचं नंतर.

पिशवीवरची तारीख ही अटीवर दिलेली तारीख आहे. तिच्याजवळच बारीक अक्षरांत ‘५ अंश सेल्सियसखाली ठेवा’ असं छापलेलं असतं, काही पिशव्यांवर ८ अंश असतं. ही अट पाळली तरच दोन दिवसांचा शब्द खरा. अट मध्येच दोन तास मोडली तर तारखेतले किती तास गेले हे डेअरीला माहीत नसतं आणि दुकानदारालाही नसतं.

पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं, म्हणजे किमान ७२ अंशांवर १५ सेकंद धरून लगेच ४-५ अंशांवर आणलेलं. आपल्याकडच्या बऱ्याच डेअऱ्या याहून थोडं वरचं तापमान ठेवतात. एवढ्याने क्षय, ब्रुसेलोसिस, विषमज्वर यांचे जंतू मरतात, पण दूध निर्जंतुक होत नाही. उष्णता सोसणारे काही जंतू आणि त्यांचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली सुप्त रूपं, शिल्लक राहतात, शिवाय पिशव्या भरताना यंत्रातून थोडे नव्याने येतात. ५ अंशांखाली त्यांची वाढ फार संथ असते. ३०-३५ अंशांवर मात्र त्यातले काही दर वीस-तीस मिनिटांनी दुप्पट होतात. अर्ध्या तासाला एकदा दुप्पट धरा: दोन तासांत सोळापट, चार तासांत अडीचशेपट. म्हणून मे महिन्यातला एक तास आणि जानेवारीतला एक तास दुधासाठी सारखा नसतो.

आता तुमच्या दाराची कडी. ५ अंशांवरची अर्ध्या लिटरची पिशवी ३०-३२ अंशांच्या हवेत एकटी लटकत राहिली, तर तासाभरात साधारण २० अंशांपर्यंत चढते आणि दोन तासांत जवळपास बाहेरच्या हवेइतकी होते. क्रेटमध्ये दाबून भरलेल्या पिशव्या एकमेकींना गार ठेवतात, सुटी पिशवी लवकर तापते. आणि ती तुमच्या दारी पोचली तेव्हा ५ अंशांवर होतीच असं नाही. डेअरीतून दूध रात्री निघतं. त्या गाडीला आतून थर्माकोलचं अस्तर असलं तरी थंड करणारं यंत्र असेलच असं नाही. पहाटे चारच्या सुमाराला क्रेट दुकानासमोर उतरतात, शटर उघडेपर्यंत तिथेच असतात, मग वाटप सुरू होतं. तुमचे दोन तास हे या सगळ्या तासांवर चढवलेले दोन तास आहेत. हिवाळ्यात हे खपून जातं, उन्हाळ्यात खपत नाही. तुमचा त्रास उन्हाळ्यापासूनच सुरू झाला, यातच बरंचसं निदान आलं.

‘चाखून पाहिलं तर चांगलं होतं, वासही नव्हता, आणि गॅसवर ठेवताच फाटलं’ असंही तुम्ही लिहिलंय. त्यात नवल नाही. दुधाची आम्लता लॅक्टिक आम्लाच्या टक्क्यात मोजतात. ताज्या गाईच्या दुधात ती ०.१३ ते ०.१५ टक्के असते, म्हशीच्या दुधात किंचित जास्त. जंतू दुधातली साखर खाऊन आम्ल करायला लागले की हा आकडा चढतो. ०.२० टक्क्यांच्या पुढे गेला की दूध उकळी सोसत नाही, त्यातलं केसीन नावाचं प्रथिन गोळा होतं. पण न तापवता, नुसतं ठेवून दही व्हायला हाच आकडा अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त लागतो. या दोन आकड्यांच्या मधलं दूध जिभेला बरंच लागतं, नाकाला कळत नाही, फक्त तापवल्यावर उघडं पडतं. संकलन केंद्रावर याच गुणाचा चाचणीसाठी उपयोग करतात: परीक्षानळीत थोडं दूध घेऊन उकळायचं, कण दिसले तर तो कॅन परत.

हीच चाचणी घरी करा. शंका आली की पातेल्यात ओतण्याआधी पळीत किंवा छोट्या वाटीत दोन चमचे दूध घ्या, आचेवर एक उकळी आणा आणि पळी तिरकी करून बघा. चांगलं दूध पळीच्या कडेने सलग, गुळगुळीत उतरतं. बिघडू लागलेल्या दुधात कडेला रव्यासारखे कण चिकटून राहतात आणि त्यांच्यामधून पिवळसर निवळी दिसते. अर्धं मिनिट लागतं आणि बाकीचं पातेलं वाचतं.

नेमकं चुकतंय कुठे हे शोधायला एकच प्रश्न पुरतो: दूध कितव्या तापवण्याला फाटतं?

पिशवी फोडली आणि पहिल्याच उकळीला फाटलं, तर बिघाड तुमच्या ओट्याच्या अलीकडचा आहे. अशा वेळी एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काहीच कळणार नाही. आधी तीच कंपनी, तोच प्रकार, पण पिशवी स्वतः दुकानाच्या फ्रीजमधून आणा आणि लगेच तापवा. आठवडाभर असं करून दूध टिकलं तर दोष कडीचा. तरीही नासलं तर दुकान बदला, कंपनी तीच ठेवा. दुकान बदलूनही नासत असेल तर मगच कंपनीकडे बोट दाखवा. बहुतेक लोक सुरुवात कंपनी बदलण्यापासून करतात, आणि नवी पिशवीही त्याच कडीवर दोन तास लटकते.

सकाळी नीट तापलं पण संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी तापवताना फाटलं, तर दोष घरातला समजा. त्याबद्दल पुढे लिहितो.

आणि पातेल्यात चांगलं राहतं पण चहात फाटतं, तर दुधाला दोष देण्याआधी चहात काय घातलंय ते बघा. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. आलं पाण्यात आधी चांगलं उकळून मग दूध घातलं की ते निकामी होतं. गुळाच्या चहात ताजं दूधही फाटू शकतं. तिथे गूळ गॅस बंद केल्यावर घालावा, किंवा दूध वेगळं तापवून शेवटी मिसळावं.

दुकानात पिशवी निवडताना तारखेआधी हात लावून बघा. फ्रीजमधली पिशवी बोटांना गार टोचली पाहिजे. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा अशा दमट हवेत खरोखर गार पिशवीला दुकानाबाहेर काढल्यावर दोन-तीन मिनिटांत घाम सुटतो. दमट हवेत कोरडी राहिलेली पिशवी गार नाही, एवढं पक्कं. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत हा पुरावा चालत नाही, तिथे गार पिशवीही कोरडी राहू शकते, म्हणून स्पर्शावरच जा. मग पिशवी हलकेच दाबा. शिवणीतून ओल आली तर ती घेऊ नका, कारण जिथून दूध बाहेर येतं तिथून जंतू आत जातात. फुगलेली पिशवी कधीही घेऊ नका, आत वायू होण्याइतकी वाढ झालेली असते. आणि क्रेटच्या वरच्या थरातली, उन्हाच्या बाजूची पिशवी सोडून मधली मागा. दुकानदार कुरकुरला तरी मागा.

घरी आलेलं दूध लगेच वापरायचं नसेल तर न फोडता फ्रीजमध्ये ठेवा. दारातल्या कप्प्यात नको. दार दर थोड्या वेळाने उघडतं आणि तो भाग आतल्यापेक्षा काही अंश गरम राहतो. मधल्या किंवा खालच्या फळीवर, मागच्या भिंतीजवळ जागा करा. फ्रीजच्या बटणावरचा ३ किंवा ४ हा आकडा तापमानाचा नसतो. पाण्याच्या पेल्यात साधा थर्मामीटर बुडवून तो पेला रात्रभर त्या फळीवर ठेवा आणि सकाळी वाचा. ५ च्या आत असेल तर उत्तम, ८-९ असेल तर तुमच्याकडे दोन दिवसांची मुदत दीड दिवसाचीही राहत नाही. फ्रीज ठासून भरला, गरम भाजीची भांडी आत गेली किंवा दाराचं रबर सैल झालं की हेच होतं.

पाश्चराइज्ड दूध तापवायलाच हवं का, हे लोक नेहमी विचारतात. डेअरीपासून घरापर्यंत थंडावा सलग टिकला असेल तर गरज नाही. आपल्याकडे तो सलग टिकल्याची खात्री क्वचितच असते, म्हणून एकदा उकळी आणावी असंच मी सांगतो. पण एक उकळी म्हणजे एकच. दूध वर आलं की आच कमी करून पळीने ढवळत मिनिट-दोन मिनिटं ठेवलं, पुरे. दहा-पंधरा मिनिटं आटवून जास्तीची सुरक्षितता मिळत नाही, काही ब जीवनसत्त्वं मात्र कमी होतात. कॅल्शियम आणि प्रथिनं टिकून राहतात.

खरी चूक उकळीनंतर होते. दूध तापवायचं, वर घट्ट ताट झाकायचं आणि ओट्यावर दुपारपर्यंत ठेवून ऑफिसला जायचं. उकळीतून जे बीजाणू वाचतात त्यांना दूध ५० अंशांखाली उतरू लागलं की पुन्हा जाग येते, आणि ४५ ते २० अंशांचा टप्पा जंतूंना सर्वांत मानवतो. हा टप्पा पटकन ओलांडायचा. परातीत किंवा सिंकमध्ये गार पाणी घ्या, त्यात पातेलं ठेवा, दर दोन-तीन मिनिटांनी दूध ढवळा आणि पाणी कोमट झालं की एकदा बदला. लिटरभर दूध अर्ध्या तासाच्या आत हाताला थंड लागतं. मग झाकण लावून फ्रीजमध्ये. तोवर जाळीचं झाकण ठेवा, म्हणजे वाफ अडत नाही. नीट तापवून, लवकर थंड करून ५ अंशांखाली ठेवलेलं दूध दोन दिवस, कधी तीनही टिकतं. दिवसभर ओट्यावर राहिलेलं दूध उन्हाळ्यात संध्याकाळही बघत नाही.

ज्या घरांत फ्रीज नाही तिथे सकाळ-संध्याकाळ दोनदा दूध तापवण्याची जुनी रीत आहे आणि ती योग्य आहे. सकाळच्या उकळीतून वाचलेले बीजाणू दिवसभरात उगवतात आणि संध्याकाळच्या उकळीत मरतात. फक्त उन्हाळ्यात दोनदा पुरत नाही, दोन उकळ्यांमधलं अंतर सहा-सात तासांच्या वर जाऊ देऊ नये.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे जुन्या दुधात नवं ओतणं. कालचं कपभर उरलेलं दूध फेकवत नाही, म्हणून आजची पिशवी त्यातच रिकामी होते. कालच्या दुधाची आम्लता आधीच वर गेलेली असते, ती आणि त्या दुधातले जंतू दोन्ही नव्या दुधात जातात. जुनं दूध वेगळ्या भांड्यात ठेवा, आधी ते संपवा, नाहीतर विरजा.

आणि तिसरी, भांडं. दुधाचं पातेलं आतून चकचकीत दिसतं, पण काठाच्या वळलेल्या पट्टीखालून नख फिरवून बघा. तिथे पिवळसर, चिकट थर निघाला तर रोजचं विरजण तिथूनच लागतंय. सांडशी, पळी, गाळणीची जाळी यांचंही तसंच. दुधाची भांडी आधी गार पाण्याने विसळा, कारण गरम पाण्याने प्रथिनं चिकटून बसतात. मग साबणाने घासा, शेवटी त्यात उकळतं पाणी फिरवा आणि पालथी घालून कोरडी होऊ द्या. दह्याला आणि दुधाला एकच चमचा वापरू नका. बिनकल्हईच्या पितळेत किंवा तांब्यात दूध ठेवू नका, तांब्याने त्यातली चरबी लवकर खवट होते.

इथवरचं थोडक्यात: पहिल्या उकळीला फाटलं तर कडी, दुकान, कंपनी या क्रमाने तपासा, नंतर फाटलं तर थंड करण्याची पद्धत, फ्रीजचं तापमान, जुन्या दुधाची मिसळ आणि भांडं तपासा.

नासलेल्या दुधाचं काय करायचं, हे ते कसं नासलंय यावर आहे. मुदतीतलं दूध तापवताना फाटलं, वास फक्त आंबटसर आहे, पिशवी फुगलेली नव्हती आणि दूध कित्येक तास गरम हवेत पडलेलं नव्हतं, तर चांगलं उकळून, गाळून त्याचं पनीर करा किंवा साखर घालून आटवा, निवळीत कणीक भिजवा, आणि हे त्याच दिवशी संपवा. दूध कडू लागत असेल, तारेसारखं लांबत असेल, कुजका किंवा साबणासारखा वास येत असेल तर सरळ ओतून द्या. फ्रीजमध्ये फार दिवस राहिलेलं दूध आंबट न होता कडू होतं. थंडीतही वाढणारे जंतू प्रथिनं आणि चरबी तोडतात, म्हणून. दिवसभर बाहेर राहिलेलं दूध ‘उकळलं की झालं’ असं समजू नका. काही जंतू वाढताना विष तयार करतात, आणि जंतू मेले तरी ते विष उकळीने जात नाही. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर नासलेल्या दुधाच्या वाटेलाच जाऊ नका.

आता कुठलं घ्यायचं. पिशवीच्या रंगावर जाऊ नका, एका कंपनीचा निळा रंग दुसऱ्या कंपनीत वेगळ्याच दुधाचा असतो. नाव आणि आकडे वाचा. फुल क्रीममध्ये किमान ६ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ, म्हणजे चरबी सोडून बाकीचे घन पदार्थ: प्रथिनं, साखर, क्षार. स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५ आणि ८.५, टोन्डमध्ये ३ आणि ८.५, डबल टोन्डमध्ये १.५ आणि ९. लिटरमागे फुल क्रीममध्ये साधारण ६० ग्रॅम चरबी असते, टोन्डमध्ये ३०. प्रथिनांत आणि कॅल्शियममध्ये मात्र फारसा फरक नसतो. पिशवीमागे जास्तीचे पैसे मोजता ते प्रामुख्याने चरबीचे.

टोन्ड दूध म्हणजे पाणी घातलेलं दूध, हा समज अजून जात नाही. फुल फॅटच्या दुधात, बहुधा म्हशीच्या, स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी आणि पाणी घालून फॅट खाली आणतात, पण एसएनएफ घसरू देत नाहीत. भेसळीत पाण्याने दोन्ही घसरतात. हा प्रकार मुंबईचाच आहे. दुग्धव्यवसायातले जाणकार दारा खुरोडी यांनी १९४६ मध्ये मुंबईत असं दूध बाजारात आणलं, हेतू हा की म्हशीचं महाग दूध जास्त लोकांना परवडणाऱ्या भावात पुरावं. चहा-कॉफी, कॉर्नफ्लेक्स, मोठ्या माणसाचा पेला यांना टोन्ड पुरेसं आहे. वजनावर किंवा कोलेस्टेरॉलवर लक्ष असेल तर डबल टोन्ड. त्यात एसएनएफ जास्त असल्यामुळे त्याचं दही बऱ्यापैकी घट्ट लागतं, फक्त चवीला हलकं. कवडीसारखं दही, बासुंदी, खीर आणि सायीचं तूप यांसाठी फुल क्रीम किंवा म्हशीचं दूध घ्या, दुसऱ्याने तो पदार्थ तसा होत नाही.

सायीबद्दल एक गोष्ट तपासा. पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ लिहिलेलं असेल तर चरबीचे कण यंत्राने इतके बारीक केलेले असतात की ते वर तरंगून जाड साय धरत नाहीत. साय आली नाही म्हणून ते दूध खोटं ठरत नाही. तूप करायचं असेल तर तो शब्द नसलेली पिशवी शोधा.

गाईचं दूध पिवळसर असतं ते कॅरोटीनमुळे, आणि म्हशीचं पांढरं कारण म्हैस त्याच कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करून दुधात देते. रंगावरून कस ठरत नाही. ए-टू दुधाच्या बाटलीला दुप्पट भाव देताना हे लक्षात ठेवा की ए-टू हा एका प्रथिनाचा प्रकार आहे, ताजेपणाशी आणि स्वच्छतेशी त्याचा संबंध नाही. म्हशीच्या दुधातलं ते प्रथिन मुळातच त्या प्रकारचं असतं. काचेची बाटली दिसली की ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द आहे का ते आधी बघा. नसेल तर ते निरसं दूध आहे, आणि निरसं दूध उकळल्याशिवाय पिऊ नये, कितीही देखण्या बाटलीत येवो.

गवळ्याचं दूध वाईट असतं असं मी म्हणणार नाही. तबेला जवळ असेल, धार काढून दोन तासांच्या आत दूध दारात येत असेल आणि तुम्ही लगेच उकळत असाल तर त्याच्यासारखी चव पिशवीला नाही. पण धारेच्या वेळी दूध ३७-३८ अंशांवर असतं, आणि थंड न करता फिरणाऱ्या कॅनमध्ये ते तसंच कोमट राहतं. गवळ्याला दोन गोष्टी विचारा: ही धार सकाळची की रात्रीची, आणि रात्रीची असेल तर कशात ठेवली होती? रात्रीचं दूध सकाळच्यात मिसळणं सर्रास चालतं. कॅन स्टीलचा किंवा अॅल्युमिनियमचा असावा, झाकणासकट. प्लास्टिकच्या ड्रमला जुन्या दुधाचा वास धरून राहतो.

जे दूध भर उन्हाळ्यात दुपारपर्यंत बाहेर राहूनही कधीच फाटत नाही, त्याच्यावर जास्त संशय घ्या. आम्लता दाबायला खायचा सोडा घालतात. त्याने आकडा खाली येतो, जंतू तसेच वाढत राहतात. असं दूध तापवल्यावर पिवळट पडू शकतं आणि जिभेला सपक, साबणासारखं लागतं. पाण्यासाठी: तिरक्या धरलेल्या गुळगुळीत स्टीलच्या ताटावर एक थेंब सोडा. चांगलं दूध सावकाश ओघळतं आणि मागे पांढरी रेघ ठेवतं, पाणी जास्त असलेलं भरकन जातं आणि रेघ उरत नाही. पिठासाठी: दूध उकळून थंड करून त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका, निळं झालं तर स्टार्च आहे. लॅक्टोमीटरवर, म्हणजे दुधाची घनता मोजणाऱ्या नळीवर, एकट्यावर विसंबू नका. साय काढली की त्याचा आकडा वर जातो, पाणी घातलं की खाली येतो, आणि दोन्ही केलं तर तो निष्पाप आकडा दाखवतो.

टेट्रापॅकबद्दल लोकांना वाटतं की त्यात टिकवण्याची औषधं असतात. तशी गरजच नसते. दूध १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवून, निर्जंतुक केलेल्या खोक्यात हवा लागू न देता भरतात, म्हणून ते बंद असेपर्यंत बाहेर काही महिने राहतं. खोकं फोडल्या क्षणापासून मात्र खोक्यावरची तारीख संपली. फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. इथे एक धोका आहे: या दुधात दही करणारे जंतू उरलेलेच नसतात, त्यामुळे ते बिघडताना आंबट होईलच असं नाही, कडू किंवा कुजकट होतं. पिशवीच्या दुधाची आंबटपणाची सूचना इथे मिळत नाही, म्हणून फोडल्याची तारीख खोक्यावर पेनने लिहा. फार तापवल्यामुळे त्याला किंचित शिजलेली चव असते, दही सैल लागतं आणि पनीर नीट बांधलं जात नाही. चहाला आणि प्रवासाला उत्तम. उकळायची गरज नाही, नुसतं गरम करा.

तुमच्या घरासाठी मी असं करेन. दोघांना रोज लिटर संपत नसेल, आणि नासण्याचं प्रमाण बघता संपत नसावं, तर एकच पिशवी लावा. कडीवरची पिशवी बंद करा: दूधवाल्याला साडेसातनंतर यायला सांगा, ते जमत नसेल तर दाराला झाकणाची थर्मल पिशवी टांगा आणि रात्री झोपताना तिच्यात फ्रीजरमधली बर्फाची एक-दोन पाकिटं ठेवा. दूधवाल्याला पिशवी त्या पाकिटांच्या मध्ये ठेवायला एकदा दाखवून द्या. किंवा संध्याकाळी परतताना दुकानाच्या फ्रीजमधून आणा, पण त्या वेळी सकाळचाच माल असतो, तारीख वाचून घ्या. चहापुरतं टोन्ड पुरेल. दही घरी लावत असाल तर आठवड्यातून दोन दिवस फुल क्रीम. अडीअडचणीला टेट्रापॅकचं एक लिटर कपाटात असू द्या. सुट्टीवर जाताना उरलेली पिशवी फ्रीजरमध्ये टाकायची असेल तर दूध डब्यात ओता आणि वर दोन बोटं जागा सोडा, गोठताना ते फुगतं. महिनाभरात वापरा, फ्रीजमध्येच सावकाश वितळू द्या. चरबी वेगळी दिसेल. ढवळून चहाला चालतं, दह्याला नको.

हे सगळं करूनही, स्वतः फ्रीजमधून आणलेली, मुदतीतली, गार पिशवी पहिल्या उकळीला फाटली तर तक्रार करा आणि रिकामी पिशवी फेकू नका. तिच्यावरचा बॅच क्रमांक, मुदतीची तारीख, चौदा आकडी परवाना क्रमांक आणि ग्राहक सेवेचा क्रमांक दिसेल असा फोटो काढा, दुकान आणि वेळ लिहून ठेवा. त्याच बॅचची न फोडलेली दुसरी पिशवी असेल तर ती फ्रीजमध्ये जपा. डेअरीला त्या बॅचचा ठेवलेला नमुना तपासता येतो, पण बॅच क्रमांकाशिवाय ते काहीही करू शकत नाहीत.